आमची बोट ठरली त्याची गोष्ट

जून २०२४ मधली गोष्ट. रात्रीची जेवणं चालू होती आणि टीव्हीवर क्रूझची जाहिरात लागली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घास हातात धरून बघत राहिल्या. "मुंबईहून गोव्याची बोट परत सुरू झाली की काय?"

आईंचं माहेर विजयदुर्गजवळ. लहानपणी मे महिन्यात गावी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर वळकटी पसरायची, रात्र काढायची आणि विजयदुर्ग आलं की पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला लागायचं. ती बोट बंद होऊन किती वर्षं झाली! लग्नाला सोळा वर्षं झाली माझ्या, पण त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "एकदा परत बोटीत बसायला हवं होतं."

तिथून सुरुवात. आम्ही डोंबिवलीचे, घरात पाच जण. नवरा अनुदानित शाळेत शिक्षक, मी घरूनच हिशेबाची कामं करते, मुलगी नववीत, मुलगा सात पूर्ण व्हायचा, आणि आई अडुसष्ट वर्षांच्या. माझी भिशी ऑगस्टमध्ये लागणार होती, नवऱ्याला पगाराच्या फरकाचा हप्ता मिळणार होता. दोन्ही मिळून दीड लाख. त्यावर एक रुपया जाऊ द्यायचा नाही, असं ठरवूनच शोधायला बसलो.

पहिले पंधरा दिवस फुकट गेले. कारण आम्ही जाहिरातीतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघत होतो. '१७,९९९ पासून', '२१,५०० पासून'. या 'पासून'ने फार घोळ घातला. तो आकडा एका माणसाचा असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं असतील तर, सगळ्यात स्वस्त तारखेला, बिनखिडकीच्या खोलीत. बंदरशुल्क वेगळं, सेवाशुल्क वेगळं, जीएसटी वेगळा. शेवटी मी एक जुनी दोनशेपानी वही काढली आणि प्रत्येक कंपनीला एकेक पान दिलं. पानाच्या वर एकच प्रश्न लिहिला: डोंबिवलीच्या दारातून निघून परत दारात येईपर्यंत पाच जणांचे किती? ही वही केली नसती तर आम्ही नक्की फसलो असतो.

पहिलं पान सिंगापूरचं. नणंदेचा आग्रह होता, तिचे शेजारी जाऊन आले होते. सिंगापूरहून तेव्हा रिसॉर्ट्स वर्ल्ड या कंपनीची 'जेंटिंग ड्रीम' सुटायची, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या बोटी सुटायच्या. बोटी मोठ्या, 'जेंटिंग ड्रीम' तर दीड लाख टनांची. बोट जितकी मोठी तितकी ती कमी हलते, हा मोठाच मुद्दा. शिवाय जेंटिंगवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होती. तीन रात्रींचं भाडंसुद्धा आपल्याकडच्या बोटीच्या फार वर नव्हतं. पण वहीत लिहायला घेतल्यावर चित्र बदललं. विमानाची परतीची तिकिटं माणशी २९,०००, म्हणजे पाच जणांचे १,४५,०००. सिंगापूरच्या व्हिसाची फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वर. बोट सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येते, त्यामुळे व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, तेही बघावं लागतं. आई आणि मुलगा दोघांचे पासपोर्टच नव्हते. रॉयल कॅरिबियनवर तेव्हा टिप माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास, आणि ती लहान मुलांनाही लागायची. पाच जणांच्या तीन रात्रींचे २७० डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेबावीस हजारांच्या वर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापायचे. ती रक्कम विवरणपत्र भरल्यावर वळती होते, पण आधी खिशातून जातेच. बेरीज तीन लाखांच्या पुढे गेली तेव्हा मी ते पान दुमडलं. मुलीचा चेहरा पडला, तिने मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. मला वाईट वाटलं, पण ते पान तिलाच वाचायला दिल्यावर तिला पटलं.

दुसरं पान लक्षद्वीपचं. त्या वर्षी जो तो लक्षद्वीपबद्दल विचारत होता. तिथल्या प्रशासनाची 'समुद्रम' नावाची सहल आहे. कोचीहून 'एम. व्ही. कावारत्ती' बोट निघते, कावारत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटं दाखवते. दिवसा बेटावर, रात्री मुक्कामाला बोटीवर. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, तो सहलीच्या अर्जाबरोबरच होतो. कल्याणहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, म्हणजे विमानाचा खर्च नाही. माझं मन तिथेच होतं, खरं सांगते. पण बेटावर उतरताना मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरावं लागतं आणि होडी लाटांवर वरखाली होत असते. आईंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "पडावात उडी मारायचं वय गेलं माझं. तुम्ही जाऊन या." त्यांच्याशिवाय जाण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरं पान कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं. मुंबईहून २०२१ पासून हिची 'एम्प्रेस' बोट सुटते. अकरा मजली, साधारण ४८,००० टनांची, म्हणजे सिंगापूरच्या बोटीच्या एक तृतीयांश. मुलीने शोधून काढलं की ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधली आणि कितीतरी वर्षं ती रॉयल कॅरिबियनकडेच होती. ज्या कंपनीचं सिंगापूरचं पान आम्ही दुमडलं होतं, तिचीच जुनी बोट. जुनी म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला मात्र त्याने धीर आला. देशातल्या देशात फेरी असल्याने आधार कार्ड पुरतं, पासपोर्ट लागत नाही, आणि बोट सुटते तो बॅलार्ड पियर धक्का घरापासून दीड-दोन तासांवर. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री. एक दिवस गोव्यात, एक दिवस नुसता समुद्रात.

बोटीचं ठरत आलं, पण पाच माणसं कुठल्याच बोटीला सोयीची नसतात. केबिन दोघांच्या हिशेबाने असतात. तिसरा-चौथा माणूस वरच्या घडीच्या बर्थवर आणि त्याचं भाडं कमी. म्हणून मी आधी चार अधिक एक अशी मांडणी केली. पण एकटं माणूस केबिनमध्ये असलं की जवळजवळ दोघांचे पैसे लावतात. तीन अधिक दोन हेच स्वस्त पडलं. आम्ही दोघं आणि मुलगा बिनखिडकीच्या खोलीत, आई आणि नात खिडकीच्या खोलीत. खिडकीचे माणशी साडेतीन हजार जास्त होते. ते मी एका मिनिटात मान्य केले. आईंना बोट दाखवायला न्यायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपवायचं, हे मला जमलं नसतं.

मग प्रश्न उरला बोट लागण्याचा. आईंचं म्हणणं, "माका कधी बोट लागाक नाय." पण त्याला पन्नास वर्षं झाली होती, आणि मुलाला तर कसाऱ्याच्या घाटातही गाडी लागते. लाखभर रुपये भरून तीन दिवस ओकाऱ्या काढायच्या का? नवऱ्याने उपाय सुचवला: आधी रंगीत तालीम. २२ सप्टेंबरच्या रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने (जिच्यात गाड्याही चढवतात ती) मांडव्याला गेलो. साधारण तासाभराचा प्रवास, येऊन-जाऊन पाच जणांचे चार हजारांच्या आत. आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या त्या मांडवा येईपर्यंत. धक्क्यावरून बोट निघताना त्या मागे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे. मुलगा जाताना ठीक होता, येताना उलटी झाली. त्यामुळे दोन गोष्टी कळल्या. मुलाच्या डॉक्टरांना विचारून औषध आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्यायची, आणि केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी मागायची. टोकाच्या आणि वरच्या केबिनला झोके जास्त बसतात. सगळ्यात स्वस्त तिकिटात केबिनचा नंबर कंपनी नंतर देते. तुमच्याबरोबर म्हातारं माणूस किंवा गाडी लागणारं पोर असेल तर ते तिकीट घेऊ नका. नंबर निवडायचे आम्हाला थोडे जास्त पडले, पण ते पैसे सत्कारणी लागले.

पितृपक्षात तिकीट काढायचं नाही, असं आईंनी सांगितलं. म्हणून घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, ओळखीतून मिळालेल्या एका एजंटाकडे दिवाळीच्या सुट्टीतल्या फेरीसाठी २६,००० रुपये भरले. पाच जणांचे एकूण १,४८,००० होत होते. दिवाळीचा भाव. नवऱ्याने एजंटाला तेव्हाच विचारलं होतं, की विधानसभेची निवडणूक कधीही लागेल, मी शिक्षक आहे, ड्यूटी आली तर तारीख बदलता येईल ना? "होईल सर, बघू आपण," एवढं उत्तर मिळालं. आम्ही ते लेखी घेतलं नाही.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला. १९ ऑक्टोबरला शाळेत ड्यूटीचा आदेश आला आणि पहिलं प्रशिक्षण नेमकं आमच्या निघायच्या आठवड्यात. निवडणुकीच्या आदेशापुढे रजा चालत नाही. २१ ऑक्टोबरला एजंटाला तिकीट रद्द करायला सांगितलं, तेव्हा तारीख बदलता येत नाही असं कळलं. रद्द केल्याचे कापून बाकी देतो म्हणाला. ती बाकी मिळायला अडतीस दिवस लागले. दर दोन-तीन दिवसांनी फोन, दर वेळी नवीन कारण. शेवटी २८ नोव्हेंबरला १९,५०० खात्यात आले. ६,५०० गेले. त्या दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही. साडेसहा हजारांत आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. आईंना आम्ही आकडा सांगितला नव्हता, पण त्यांनी वही वाचली असावी, कारण एकदा सहज म्हणाल्या, "नको बाई बोट. मी बघितलीय बोट." त्या वाक्याने मला जास्त लागलं.

तेव्हा हे जरूर करा: पैसे भरण्याआधी रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे नियम कागदावर किंवा मेलवर मागून घ्या. किती दिवस आधी किती टक्के कापतात, तारीख बदलायची फी किती, ते सगळं. शिक्षक, बँकवाले, तलाठी, पोलीस यांच्या घरी तर हे आधी बघायला हवं, भाडं नंतर.

९ नोव्हेंबरला मी परत वही उघडली. दिवाळी संपली होती आणि भाव उतरले होते. आता तिकीट थेट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलं, तारीख बदलण्याचे नियम वाचून, त्यांचा स्क्रीनशॉट ठेवून. १ डिसेंबरला अमावास्या, म्हणून त्या दिवशी निघायचं नव्हतं. सोमवार, २ डिसेंबर ते गुरुवार, ५ डिसेंबर. भाडं ८६,४००, बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी धरून १,१२,७५०. त्याच केबिन, पण दिवाळीपेक्षा पस्तीस हजारांनी कमी. मुलांची शाळा चार दिवस बुडणार होती आणि नवऱ्याच्या किरकोळ रजा संपणार होत्या. मुख्याध्यापकांनी अर्ज घेतला आणि विचारलं, "आई पण येतायत का?" हो म्हटल्यावर लगेच सही केली.

कागदपत्रांत एक अडचण निघाली. मुलाचं आधार त्याच्या जन्मानंतर काढलेलं, म्हणजे बोटांचे ठसे नसलेलं, आणि त्यात नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यापेक्षा वेगळं. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आधार केंद्रात सकाळी साडेआठला रांग लावली, साडेअकराला नंबर आला. पाच ते सात वयात ठसे द्यायला पैसे लागत नाहीत. नऊ दिवसांत नवीन कार्ड दिसायला लागलं. तिकीट त्यानंतर काढलं असतं तर बरं झालं असतं. मधले नऊ दिवस जीव टांगणीला होता. मुलांचं आधार आधी बघून घ्या, मग तिकीट.

निघण्याआधी ऑनलाइन चेक-इन करून दुपारी एकची वेळ मिळवली आणि सामानाच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. आईंसाठी व्हीलचेअर आधीच कळवून ठेवली होती, तिचे पैसे लागले नाहीत. सव्वाबाराला पोहोचलो, केबिनमध्ये पाय ठेवला तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. औषधं, पाण्याची बाटली आणि मुलांचा एक जोड कपडा हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोहोचते. इस्त्री, पाणी गरम करायची कॉइल वगैरे नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत; पाच हजार भरून कार्डावर घेतले, उतरताना ३,०५० परत मिळाले. दारू, वाय-फाय, काही खेळ आणि खास रेस्टॉरंट यांचे पैसे वेगळे. साधं जेवण, नाश्ता, चहा तिकिटातच. आम्ही दुसरं काही घेतलंच नाही, आणि उपाशीही राहिलो नाही. मार्गशीर्ष लागला होता, घरात महिनाभर मांसाहार बंद. शाकाहारी जेवण भरपूर होतं. आईंना वरण-भात मिळाला की त्या खूश.

केबिन लहान असते, आधीच मनाची तयारी ठेवा. दोन माणसं एका वेळी उभी राहिली की तिसऱ्याने पलंगावर बसायचं. मुलाला वरचा बर्थ मिळाला, त्याला तोच सगळ्यात आवडला. बोट निघायच्या आधी सगळ्यांना जमवून आणीबाणीत काय करायचं ते शिकवतात. ते टाळू नका. फोन मात्र लगेच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं जाऊ शकतं आणि ते आपल्या पॅकमध्ये नसतं.

संध्याकाळी बोट सुटली. मुंबईचे दिवे मागे गेले, वारा सुटला, आई शाल घेऊन डेकवर खुर्चीत बसल्या. मला वाटलं होतं त्या खूप बोलतील. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मुलीने घरूनच किनाऱ्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला होता. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे बोट कुठे आहे ते निळ्या ठिपक्याने दिसत राहतं. पहाटे पावणेचारला आमच्या दारावर टकटक झाली. मुलगी होती. "आई, ये ना. आजीने गजर लावून उठवलंय मला." त्यांच्या केबिनमध्ये गेले तर दिवे बंद, आई खिडकीला नाक लावून बसलेल्या. काच गोल, तिच्यावर आईंच्या श्वासाची वाफ धरलेली. त्या पदराने पुसायच्या आणि परत बघायच्या. बाहेर मिट्ट काळोख. लांबवर मच्छीमारांच्या होड्यांचे तीन-चार दिवे, बस्स. मुलीने फोन खिडकीशी धरला होता. ठिपका विजयदुर्गच्या समोर आला तेव्हा तिने सांगितलं, "आजी, आता." आईंनी हात जोडले. आम्ही तिघी ठिपका देवगडकडे सरकेपर्यंत तशाच बसून राहिलो.

गोव्याचा दिवस साधा गेला. बोट मुरगावला लागते. दिवसभराच्या सहली बोटीवर विकत मिळतात, पण पाच जणांना बाहेरची टॅक्सी स्वस्त पडली: ३,५०० रुपयांत मंगेशी, म्हार्दोळ आणि परत. शाकाहारी थाळी पाच जणांची २,४००. बोटीत परतायची जी वेळ सांगतात, तिच्या दीड तास आधी आम्ही बंदरावर होतो. गोव्यातल्या रस्त्यांचा भरवसा नाही आणि बोट कुणासाठी थांबत नाही. बुधवारी दिवसभर समुद्र. मुलाला या वेळी बोट लागली नाही. नवऱ्याला दुपारी थोडं गरगरलं. आलेपाक खाऊन मधल्या मजल्यावर तासभर पडून राहिला आणि बरा झाला.

गुरुवारी सकाळी मुंबई. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार असल्याने मला संध्याकाळच्या आत घट मांडायचा होता. साडेअकराला घरी पोहोचलो. येण्याजाण्याच्या टॅक्सीचे ३,५००, गोळ्या-औषधांचे १६०, बोटीवर कार्डावरून गेलेले १,९५०. वहीत शेवटची बेरीज १,२४,२६०. एजंटाकडे गेलेले ६,५०० धरले तर १,३०,७६०. दीड लाखांतले उरलेले भिशीच्या डब्यात परत टाकले.

मी पूजेची भांडी घासत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईंचा आवाज आला. विजयदुर्गला धाकट्या बहिणीला फोन लावला होता, आणि आवाज चढलेला:

"परवा फाटेचे चार वाजता तुझ्या दाराफुडसून गेलंय गो मी!"